महाविद्यालयातील ऑनलाइन छळ: पुरावा कसा जपावा आणि तक्रार कोणाकडे न्यावी

प्रवेशाची शेवटची यादी लागण्याआधीच नव्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार झालेला असतो. वेळापत्रक, परीक्षा अर्जाची मुदत, रद्द झालेला तास, नोट्स, हॉस्टेलमध्ये पाणी येण्याची वेळ हे सारे तेथेच कळते, त्यामुळे त्या ग्रुपबाहेर राहून शिकणे कोणाही विद्यार्थ्याला जवळजवळ अशक्य होते. पुढे याच ग्रुपवर एखाद्याच्या बोलीची टर उडवणारे स्टिकर फिरू लागतात, एखादीच्या छायाचित्रावर घाणेरडी कॅप्शन चढते, इन्स्टाग्रामवरील निनावी कन्फेशन पेजवर नावाची आद्याक्षरे देऊन कोणाच्या तरी चारित्र्यावर मजकूर येतो, किंवा सगळ्यांचा ग्रुप सोडून एकालाच वगळलेला दुसरा ग्रुप निघतो. अनोळखी माणसाच्या शिव्या ब्लॉक करून विसरता येतात. वर्गातल्या मुलांनी केलेल्या चेष्टेचे तसे होत नाही, कारण दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये तीच मुले शेजारी उभी असतात आणि काल रात्री तो मजकूर कोणी कोणी पाहिला असेल याचा हिशेब मनात चालूच राहतो.

महाविद्यालयाच्या तक्रार समितीवर काही वर्षे बसल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, अशा प्रकरणाचा निकाल बहुधा दोनच गोष्टींवर ठरतो. पहिली म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांत पुरावा कसा जपला गेला, आणि दुसरी म्हणजे अर्ज योग्य समितीकडे गेला की नाही. घटना कितीही गंभीर असली तरी या दोहोंपैकी एक जरी चुकले तरी प्रकरण ‘मुलांची आपापसातील भांडणे’ या सदरात जाऊन पडते. म्हणून या मार्गदर्शनात त्याच दोन गोष्टींवर अधिक भर दिला आहे.

पुरावा जपताना

मजकूर पाहिल्यावर तो नाहीसा व्हावा असे वाटणे स्वाभाविक आहे. बहुतेक विद्यार्थी त्या क्षणी ग्रुप सोडतात, समोरच्याला ब्लॉक करतात किंवा रागाच्या भरात उत्तर देतात. या तिन्ही गोष्टी थोड्या वेळासाठी थांबवाव्यात. व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याला आपला संदेश सर्वांसाठी पुसून टाकण्याची सोय सुमारे अडीच दिवस असते आणि इन्स्टाग्रामवरील स्टोरी २४ तासांत आपोआप जाते, त्यामुळे जे काही जपायचे ते त्याच दिवशी जपले पाहिजे.

स्क्रीनशॉट घेताना सर्वांत जास्त होणारी चूक अशी की, चित्रात केवळ वादग्रस्त ओळ येते आणि तारीख, वेळ, आधीचे-नंतरचे संदेश यांपैकी काहीच येत नाही. समितीसमोर किंवा पोलिसांसमोर असा तुकडा ठेवला की समोरचा विद्यार्थी ‘संदर्भ तोडला आहे’ असे म्हणतो, आणि ते खोडून काढायला आपल्याकडे काही उरत नाही. दुसरी चूक नावाची असते. आपल्या फोनमध्ये एखाद्याचे नाव ‘बंटी सिव्हिल’ असे सेव्ह केलेले असेल, तर स्क्रीनशॉटमध्येही तेच दिसते आणि त्यावरून ती व्यक्ती कोण हे सिद्ध होत नाही. म्हणून त्या संपर्काची माहिती उघडून पूर्ण मोबाइल क्रमांक दिसेल असे वेगळे चित्र घ्यावे. ग्रुपच्या माहितीचे पान उघडून ग्रुपचे नाव, तो कोणी व केव्हा तयार केला आणि सदस्यांची यादी यांचे स्क्रीन रेकॉर्डिंग करावे, आणि मग चॅट एक्स्पोर्ट करून ती फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवावी. असे केल्याने ती कोणत्या तारखेला जपली याचीही नोंद राहते.

इन्स्टाग्राम, फेसबुक किंवा एक्सवरील खात्याच्या बाबतीत केवळ दिसणारे नाव पुरत नाही, कारण ते केव्हाही बदलता येते. प्रोफाइलचा पूर्ण दुवा आणि त्या विशिष्ट पोस्टचा दुवा हे दोन्ही कॉपी करून एका साध्या वहीत किंवा फाइलमध्ये उतरवून ठेवावेत. कन्फेशन पेज चालवणारे विद्यार्थी बहुधा गूगल फॉर्मवरून मजकूर गोळा करतात. तो फॉर्म सार्वजनिक असेल तर त्याचाही दुवा जपावा.

याच वहीत घटनांची तारीखवार नोंद ठेवावी: केव्हा, कोठे, कोणी, काय लिहिले, ते कोणी पाहिले आणि त्यानंतर प्रत्यक्ष वर्गात किंवा हॉस्टेलमध्ये काय झाले. ही नोंद कंटाळवाणी वाटते, तरी माझ्या अनुभवात चौकशीत सर्वाधिक उपयोगी पडणारा कागद हाच असतो. तीन महिन्यांनंतर प्रश्न विचारले जातात तेव्हा आठवण दगा देते. तारखेनिशी लिहिलेल्या पानावर मात्र भिस्त ठेवता येते.

ज्या फोनवर मजकूर आला तो फोन विकू नये आणि फॉरमॅटही करू नये. प्रकरण न्यायालयात गेल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि तेव्हा मूळ उपकरण हाताशी असलेले बरे. महाविद्यालयातील समितीपुढे अशा प्रमाणपत्राची गरज नसते, त्यामुळे ‘प्रमाणपत्र आणा, मग पाहू’ असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नये.

एक अपवाद फार महत्त्वाचा आहे. मजकूर नग्न किंवा लैंगिक स्वरूपाच्या छायाचित्राचा असेल तर तो पुरावा म्हणूनसुद्धा मित्रमैत्रिणींना पुढे पाठवू नये. त्यातील व्यक्ती १८ वर्षांखालील असेल, आणि पहिल्या वर्षाचे कित्येक विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी १७ वर्षांचेच असतात, तर असे चित्र पुढे पाठवणे हाच स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा ठरतो. अशा वेळी दुवा, खात्याचे नाव आणि वेळ यांची नोंद घ्यावी आणि थेट तक्रार करावी.

मजकूर हटवण्यासाठी

पुरावा हाती आल्यावर त्या त्या ॲपमधील रिपोर्टची सोय वापरावी. ती निरुपयोगी असते अशी समजूत आहे आणि ती काही अंशी खरीही आहे, परंतु माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मुळे मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांना भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक आहे हे अनेकांना ठाऊक नसते. ॲपमधील बटण दाबणे आणि या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या मार्गाने गेल्यास कंपनीला तक्रार मिळाल्याची पोच द्यावी लागते. नग्नता असलेली छायाचित्रे, लैंगिक कृतीचे दृश्य, किंवा दुसऱ्याच्या नावाने उघडलेले खाते व जोडकाम करून बनवलेली चित्रे यांबाबत स्वतः पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार केली, तर ती हटवण्यासाठी २०२१ च्या नियमांनी २४ तासांची कमाल मुदत घातली. कंपनीचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते.

खासगी छायाचित्र पसरण्याची धमकी असेल तर स्टॉप एनसीआयआय ही विनामूल्य सेवा वापरण्यासारखी आहे. तिच्यात छायाचित्र कोठेही पाठवावे लागत नाही. आपल्याच फोनवर त्या चित्राचा एक अंकी ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांकडे जातो, ज्यामुळे तेच चित्र त्यांच्या माध्यमावर चढवण्याचा प्रयत्न झाल्यास ते ओळखता येते. ही सेवा प्रौढांसाठी आहे. अठरा वर्षांखालील असताना घेतलेल्या चित्रांसाठी टेक इट डाउन ही याच धर्तीची सेवा आहे.

तक्रार कोणत्या समितीकडे

येथेच सर्वाधिक गोंधळ होतो. महाविद्यालयाच्या भिंतीवर पाच-सहा समित्यांचे फलक असतात, त्यांतील काहींवर अजूनही अंतर्गत तक्रार समितीचे ‘विशाखा समिती’ असे जुने नाव असते आणि काहींवरील सदस्य कधीच निवृत्त झालेले असतात. विद्यार्थी बिचारा वर्गशिक्षकांना सांगतो, वर्गशिक्षक विभागप्रमुखांना सांगतात, विभागप्रमुख दोन्ही बाजूंना बोलावून हस्तांदोलन करायला लावतात, आणि लेखी असे काहीच उरत नाही.

छळामागे ज्येष्ठ-कनिष्ठ असा संबंध असेल, किंवा विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्याला अपमानित करणे, घाबरवणे, वाळीत टाकणे असे स्वरूप असेल, तर ते रॅगिंग आहे आणि ते रॅगिंगच म्हणावे. रॅगिंग म्हणजे मारहाण, ही समजूत कायद्याला मान्य नाही. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ मध्ये विद्यार्थ्याला मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा संकोच वाटेल अशा कृतीचा समावेश आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम संपूर्ण देशाला लागू आहेत आणि २०१६ च्या दुरुस्तीने त्यांत जात, धर्म, वर्ण, लिंग, लैंगिक कल, दिसणे, प्रादेशिक व भाषिक ओळख, आर्थिक परिस्थिती यांवरून केलेली दादागिरी व वगळणूक स्पष्टपणे घालण्यात आली. विदर्भातून पुण्यात आलेल्या मुलाच्या बोलीची महिनोन्‌महिने ग्रुपवर चाललेली टवाळी ही याच व्याख्येत बसते, हे त्या मुलाला आणि टवाळी करणाऱ्यांनाही सहसा माहीत नसते. ज्येष्ठ विद्यार्थी अनधिकृत व्हॉट्सॲप ग्रुप काढून कनिष्ठांना त्रास देतात, याचीही आयोगाने जुलै २०२५ मध्ये दखल घेतली आणि अशा प्रकारांना रॅगिंग समजून कारवाई करण्यास संस्थांना बजावले.

या मार्गाचा फायदा असा की त्यात मुदती ठरलेल्या आहेत. राज्याच्या अधिनियमानुसार लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते आणि प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची असते. यात कुचराई करणारा प्रमुख स्वतः गुन्ह्याला साहाय्य केल्याबद्दल जबाबदार ठरू शकतो. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, तर दोषी विद्यार्थ्याला पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश मिळत नाही. महाविद्यालयात बोलण्याची भीती वाटत असेल तर १८००-१८०-५५२२ या चोवीस तास चालणाऱ्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवले जाते.

मजकूर लैंगिक स्वरूपाचा असेल, म्हणजे अश्लील संदेश, नको असताना पाठवलेली चित्रे, शरीरावरील शेरे, नकार दिल्यानंतर सतत केलेला पाठपुरावा, तर अर्ज अंतर्गत तक्रार समितीकडे द्यावा. आयोगाच्या यासंबंधीच्या २०१५ च्या विनियमांनुसार तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून हे तीन महिने मोजले जातात, आणि उशिराचे कारण पटल्यास समिती आणखी तीन महिन्यांची सवलत देऊ शकते. प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असतील तेव्हा समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी असावे लागतात आणि निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. मुलग्यांना व तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही असा त्रास होऊ शकतो हे याच विनियमांनी मान्य केले आहे, त्यामुळे ‘ही समिती फक्त मुलींसाठी आहे’ या उत्तराने मागे फिरू नये.

चौकशी चालू असताना मिळणाऱ्या अंतरिम दिलाशाची मागणी अर्जातच करावी, कारण ती न मागितल्यास सहसा कोणी देत नाही. समोरच्या व्यक्तीने संपर्क करू नये व अंतर राखावे असा आदेश, प्रॅक्टिकलची बॅच किंवा हॉस्टेलची खोली बदलणे, त्रास देणारी व्यक्ती शिक्षक असेल तर तिच्याकडून तुमच्या उत्तरपत्रिका तपासल्या जाणार नाहीत अशी व्यवस्था, एवढ्या गोष्टी समिती सुचवू शकते. बॅच बदलायची झाल्यास ती तक्रारदाराची न बदलता समोरच्याची बदलावी, असा आग्रह धरायला हरकत नाही.

जातीवरून छळ होत असेल तर तो नुसता रॅगिंगच्या अर्जात दडपून टाकू नये. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ लोकांसमोर जातीवरून केलेल्या अपमानाला लागू होतो आणि ऑनलाइन मजकुरालाही तो लागू होऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. शिक्षणसंस्थांतील जातीय भेदभावाविरुद्ध रोहित वेमुला आणि पायल तडवी या जातीय छळाच्या आरोपांनंतर जीव दिलेल्या विद्यार्थ्यांच्या मातांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. या विषयाकडे संस्थांना गंभीरपणे पाहावे लागले त्यामागे त्या दोघींचा लढा आहे. आरक्षणावरून, प्रवेश परीक्षेतील गुणांवरून किंवा आडनावावरून केलेले ‘विनोद’ अर्जात शब्दशः उतरवावेत. ते गाळून ‘जातीवाचक बोलले’ एवढेच लिहिले की आशय निसटतो.

या कशातच न बसणाऱ्या प्रकरणांसाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. २०२३ च्या विनियमांनुसार तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि समाधान न झाल्यास पुढील १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते.

अर्ज

अर्ज लेखी आणि स्वतःच्या भाषेत असावा. इंग्रजीतच लिहायला हवा असे कोणतेही बंधन नाही, आणि मराठीत नेमके लिहिता येत असेल तर मोडक्या इंग्रजीत गुळमुळीत लिहिण्यात काहीच शहाणपण नाही. पहिल्या परिच्छेदात कोणाविरुद्ध, कशाबद्दल आणि कोणत्या नियमाखाली तक्रार आहे ते सांगावे. त्यानंतर वहीतील तारखा क्रमाने याव्यात, प्रत्येक तारखेसमोर सोबत जोडलेल्या स्क्रीनशॉटचा क्रमांक द्यावा आणि शेवटी काय हवे आहे ते लिहावे. शिव्या गाळू नयेत. ‘अपशब्द वापरले’ यावरून समितीला काहीच कळत नाही. आरोप करताना जे दिसले तेवढेच लिहावे आणि संशय असेल तेथे ‘मला संशय आहे’ असेच म्हणावे, कारण हेतुपुरस्सर खोटी तक्रार केल्यास कारवाई होऊ शकते. मात्र तक्रार सिद्ध न होणे आणि ती खोटी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोणी त्यांची गल्लत करून तुम्हाला घाबरवत असेल तर घाबरू नये.

अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर ठेवून परत येऊ नये. तो आवक-जावक विभागात द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा आणि त्याच दिवशी स्कॅन प्रत ईमेलनेही पाठवावी. चौकशीच्या वरील मुदती या पोचेवरच्या तारखेपासून मोजल्या जातात, आणि ‘अर्ज मिळालाच नाही’ या उत्तराला तो शिक्का पुरेसा ठरतो.

पोलीस ठाण्यात जायचे झाल्यास

समितीकडे अर्ज केला म्हणून पोलिसांकडे जाता येत नाही असे नाही. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू शकतात. धमकी, पैशांची मागणी, खासगी चित्रे, बनावट खाते किंवा पाठलाग यांपैकी काही असेल तर उशीर करू नये. उशीर न करण्यामागे एक तांत्रिक कारणही आहे: हटवलेला मजकूर किंवा बंद केलेल्या खात्याची नोंदणी माहिती कंपन्यांनी १८० दिवस जपून ठेवावी असा नियम आहे, आणि ती मुदत उलटल्यावर निनावी पेजमागचा माणूस शोधणे फार कठीण होते.

दुसऱ्याच्या नावाने खाते उघडून फसवणूक करणे किंवा पासवर्ड वापरणे यांवर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाची कलमे ६६ सी व ६६ डी आहेत, खासगी अंगाचे चित्रण परवानगीविना टिपणे वा पसरवणे यावर ६६ ई आहे, आणि अश्लील व लैंगिक मजकुरावर अनुक्रमे ६७ व ६७ ए. स्त्रीच्या नकारानंतरही तिच्याशी संपर्क साधत राहणे किंवा तिच्या ऑनलाइन वावरावर नजर ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खालील गुन्हा आहे. धमकीवर कलम ३५१ आहे, आणि ओळख लपवून धमकी दिल्यास शिक्षा वाढते. मात्र केवळ ‘त्रासदायक’ संदेशावर लागणारे ६६ ए हे कलम आता अस्तित्वात नाही. २०१२ साली पालघरमध्ये फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली, त्यावरून देशभर वाद उठला, आणि श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. तेव्हा तक्रारीत ‘मला वाईट वाटले’ यापेक्षा धमकी, बनावट ओळख, अश्लीलता, पाठलाग यांपैकी काय घडले हे स्पष्ट लिहावे. केवळ ग्रुपचा ॲडमिन आहे म्हणून कोणाचे नाव आरोपीत घालू नये. सदस्याच्या संदेशासाठी ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे.

ठाण्यात ‘एनसी’ म्हणजे अदखलपात्र नोंद करून परत पाठवण्याचा प्रकार बराच आढळतो. बदनामीच्या बाबतीत तो योग्यही असू शकतो, परंतु वरील माहिती तंत्रज्ञान कलमे आणि कलम ७८ दखलपात्र आहेत हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून निरीक्षकांना भेटण्याची मागणी रास्त आहे. हद्दीचे कारण देऊन परत पाठवता येत नाही, कारण झिरो एफआयआरची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. एफआयआर नाकारल्यास लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, किंवा आयुक्तालय असलेल्या शहरात वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवावी. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते आणि स्त्रिया व मुलांसंबंधीच्या विभागात नाव न देण्याचीही सोय आहे, मात्र निनावी तक्रारीचा पुढे पाठपुरावा करता येत नाही. धमकीपोटी पैसे दिले गेले असतील तर ताबडतोब १९३० वर कळवावे.

ग्रुपमधील इतरांनी आणि घरच्यांनी

ज्या ग्रुपमध्ये दोनशे जण आहेत तेथे छळ करणारे चार-पाचच असतात आणि बाकीचे वाचून गप्प बसतात. ग्रुपवर वाद घालायचे धैर्य नसले तरी हरकत नाही. ज्याच्यावर मजकूर आला त्याला खासगी संदेश पाठवून ‘मी पाहिले, माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे, लागले तर साक्ष देईन’ एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले. समितीपुढे एक जरी साक्षीदार उभा राहिला तरी ‘सगळे मस्करीत चालले होते’ हा बचाव दुबळा होतो.

आईवडिलांची पहिली प्रतिक्रिया फोन काढून घेण्याची किंवा शिक्षण थांबवून घरी बोलावण्याची असते, आणि याच भीतीने कित्येक मुली घरी काही सांगतच नाहीत. फोन काढून घेतला की पुरावाही जातो आणि मित्रांचा आधारही तुटतो. झोप उडणे, जेवण सुटणे, तास चुकवणे अशी लक्षणे दिसत असतील तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते आणि तेथे मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखवले तर त्याला एकटे सोडू नये आणि ११२ वर फोन करावा. तक्रारीचे कागद दुसऱ्या दिवशीही लिहिता येतील.

अंतर्गत तक्रार समितीचा निर्णय आल्यावर तो पटला नाही तर शिफारशींच्या तारखेपासून ३० दिवसांत संस्थेच्या कार्यकारी प्राधिकरणाकडे अपील करता येते. त्यासाठी निर्णयाची प्रत लागते, आणि ती तोंडी सांगून मिळत नाही. ती लेखी मागावी आणि त्या अर्जावरही आवक क्रमांक घ्यावा.